माग बसेल असं घर

घरमालकांनी मागाला नकार दिला होता, आणि ते मला घर ठरवण्याआधीच माहीत होतं. बायकोला मात्र मी सांगितलं, "हो म्हणाले आहेत. आधी नीट राहायला लागू, मग माग आणू." माझ्या या वाक्यावर विसंबून ती शहरात आली आणि तिचं दीड वर्ष रिकाम्या हातांनी गेलं.

आम्ही पैठणचे. मी एका खासगी कंपनीत हिशेब बघतो. बायको पैठणी विणते. लग्नाआधीच शिकली होती. आमच्या पैठणच्या घरात मागच्या खोलीत तिचा हातमाग होता. लाकडाची चौकट एवढी मोठी की खोलीत दुसरं काही मावायचं नाही. स्वयंपाक आटोपला की ती मागावर बसायची ती दुपार कलेपर्यंत. फणीचा ठोका घरभर ऐकू यायचा. तो थांबला की मुलगी दुसऱ्या खोलीतून विचारायची, "आई, कुठं चाललीस?"

माझी बदली संभाजीनगरच्या ऑफिसात झाली तेव्हा आमच्यापुढे दोन घरं होती. एक पैठण रस्त्यावर, शहराच्या पार टोकाला, तळमजल्याचं. दुसरं गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला गॅलरी असलेलं. बायकोपुढे मी गुलमंडीच्या घराची सगळी कारणं मांडली. ऑफिस पायी जाण्याच्या अंतरावर, मुलीचे क्लास जवळ, दवाखाने जवळ, बाजार तर दारातच. गॅलरीबद्दल काही बोललो नाही.

खरं कारण गॅलरीच होतं. लहानपणी वडील दिवाळीच्या कपड्यांसाठी मला पैठणहून एसटीने गुलमंडीत आणायचे. दुकानांत दिवे लागायला सुरुवात झाली, बाजाराला खरा रंग चढला, की वडील माझा हात ओढायचे. "चल, गाडी चुकंल." मी मागे वळून वर बघत राहायचो. दुकानांच्या वरच्या गॅलऱ्यांमध्ये माणसं निवांत उभी असायची. त्यांना कुठलीच गाडी पकडायची नसायची. तेव्हापासून मनात बसलं होतं की मोठेपणी आपण त्या वरच्या माणसांमध्ये असायचं.

घरमालक तळमजल्यावरच राहत. कापडाच्या दुकानातून आता निवृत्त झालेले वयस्क गृहस्थ. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. मी फोनवर मागाचं विचारलं तेव्हा ते अगदी हळू आवाजात म्हणाले होते, "भाऊ, आमच्या बेगम पाठीच्या दुखण्यानं झोपूनच असतात. वरच्या ठोक्याचा त्यांना त्रास होईल. एवढं सोडून बाकी घर तुमचंच समजा." यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. मी "बरं" म्हणालो, फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन बायकोला ते खोटं वाक्य ऐकवलं. वाटलं, एकदा तिथं गेलो की काहीतरी मार्ग निघेल. चाची बऱ्या होतील, चाचांचं मन वळेल, नाहीतर बायकोलाच शहर आवडेल.

माग सुटा करून तिच्या भावाच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला आणि आम्ही राहायला आलो. सामान लागल्यावर तिनं विचारलं, "कधी आणायचा?" तेव्हा मी दुसऱ्यांदा खोटं बोललो. म्हणालो, "चाचा आता नको म्हणतात. शब्द फिरवला त्यांनी."

ती माझ्यावर रागावली नाही, चाचांवर रागावली. "एवढ्या वयाच्या माणसानं असं करावं? आधीच नाय म्हणायचं होतं की." त्या दिवसापासून ती जिना उतरताना त्यांच्या दाराकडे बघेना. ईदला चाचींनी वर शिरखुर्मा पाठवला. आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत, त्यात काही ना काही घालून देतात. तिनं ते भांडं घासलं, पुसलं आणि रिकामंच माझ्या हातात दिलं. मी ते खाली घेऊन गेलो. चाचांनी भांड्यात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "बेटीला आवडला का?"

"फार आवडला," मी म्हणालो.

आणि तरीही मला तिथं राहायला आवडत होतं, हे लपवून उपयोग नाही. संध्याकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभं राहायचं, खालची गर्दी बघायची. गावाकडून कुणी आलं की आधी त्याला गॅलरीत नेऊन उभं करायचं. तेव्हा बायको बहुतेक बाजारात असायची. साड्यांच्या दुकानात जायची, पैठणी दाखवा म्हणायची, पदर उलटा करून मागची बाजू बघायची आणि ठेवून द्यायची. मागावरच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. यंत्रावरच्या साडीला मागे धागे लोंबतात. एकदा दुकानदार माझ्यासमोरच तिला म्हणाला, "ताई, घ्यायचीय का नुसती उलटायची?" ती हसली. बाहेर आल्यावर मात्र दोन्ही हात पदरात गुंडाळून चालत राहिली.

भाऊबीजेला आम्ही पैठणला गेलो. ओवाळून झाल्यावर मेहुणा तिला म्हणाला, "ताई, शेडमधला माग न्यायचा म्हणतोय एक जण. देऊ का? लाकडं फुगायला लागलीत पावसानं."

"देऊन टाक," ती म्हणाली. "तिथं चाचा ठेवू देत नाय, इथं तुझी जागा अडती."

जुनी बादली देऊन टाक म्हणावं तसं ती म्हणाली आणि तबक ठेवायला आत गेली. तिचा आवाज भरून आला असता तरी मला बरं वाटलं असतं. तो अगदी नेहमीसारखा होता. तिनं आशा सोडून किती दिवस झाले असतील, ते मला तेव्हा कळलं.

"द्यायचा नाही," मी मेहुण्याला म्हणालो.

"मग ठिवणार कुठं, दाजी? गॅलरीत?"

"संक्रांतीपर्यंत थांबव त्याला. मी घर बदलतो."

"तुम्ही? आन् गुलमंडी सोडणार?" तो मोठ्यानं हसला. "लई झालं बरं का, दाजी. लाडू खा."

लाडू खाल्ला, पण उठण्याआधी त्याला एक काम सांगितलं. शेजारी एक माग चालू होता. त्याचा आवाज मोबाइलमध्ये भरून मला पाठव म्हणालो.

त्यानंतर एकही रविवार मी घरी बसलो नाही. देवळाई, सातारा परिसर, बीड बायपासच्या आतल्या वसाहती, मग नक्षत्रवाडी, कांचनवाडी. तळमजलाच हवा होता, आणि या वेळी कुणाला अंधारात ठेवायचं नाही असं ठरवलं होतं. खोल्या बघण्याआधी मी दारातच मोबाइल पूर्ण आवाजात लावायचो. "हा आवाज दिवसभर येईल. चालेल का?"

एकानं विचारलं, "मशीन आहे का? मग मीटर वेगळं घ्यावं लागंल."

"वीज लागत नाही त्याला."

"वीज लागत नाय तर मशीन कसली?" असं म्हणून त्यानं दारच लावलं. एक बाई म्हणाल्या, "हे रोज? मग आमचं डोकं जागेवर राहील का?" एका दलालानं मला बाजूला घेऊन समजावलं, "साहेब, आधी राहायला या, मागून आणा मशीन. कोण काय करतंय?" मी त्याला नको म्हणालो आणि गाडीला किक मारली. ती युक्ती माझीच होती.

शेवटी कांचनवाडीच्या पुढे एक एसटीचे निवृत्त ड्रायव्हर भेटले. ते वर राहत होते आणि खालचं घर रिकामं होतं. मोबाइल कानाला लावून म्हणाले, "एवढंच? जन्म गेला माझा इंजिनाशेजारी. जरा मोठ्यानं लावा, ऐकू येत नाय."

जिन्यावरून त्यांच्या बायकोनं आवाज दिला, "त्यांना काय विचारताय? त्यांना ढोल वाजला तरी पत्ता नसतो. मला विचारा." त्या खाली आल्या, लक्ष देऊन ऐकलं. "काय विणतात?"

"पैठणी."

"मग मला बसून बघू द्याल का?"

"खुशाल बघा."

घर ठरलं. त्याच्या अडचणीही मला दिसत होत्या. पाण्याला टँकर, रस्ता अर्धा कच्चा, कोपऱ्यावर एकच किराणा दुकान. मुलगी म्हणाली, "बाबा, तिथं पाणीपुरीवाला तरी येतो का?" बायको तर तयारच नव्हती. "आता कशाला? पोरीचं बारावीचं वर्ष. तुमचं ऑफिस एवढं जवळ. माझं काय, झालं आता." मी ऐकलं नाही. मुलीच्या बसची चौकशी केली, स्वतः गाडीवरून जायचं ठरवलं आणि संक्रांतीच्या आधी आम्ही सामान हलवलं. गॅलरी सोडताना वाईट वाटलं, नाही असं नाही.

मेहुणा टेम्पोतून माग घेऊन आला. दिवसभर ठोकठाक करून त्यानं तो उभा केला. नवा ताणा, म्हणजे उभे धागे, चढला. बायकोनं पसरलेल्या धाग्यांवरून दोन्ही हात फिरवले, अंथरुणाच्या सुरकुत्या काढतात तसे. मग बसली. काठाची वेल थोडी विणली, वाकून बघितली आणि उसवली. दुसऱ्या दिवशीही उसवली. बरेच दिवस तेच चाललं. एकदा स्वतःशीच म्हणाली, "हात विसरला गं बाई."

मी शेजारच्या खोलीत डबा भरत होतो. मला ते ऐकू आलं.

एका रविवारी ती मागावर बसून भावाशी फोनवर बोलत होती. "तुझ्या दाजींनी लई पायपीट केली रे माझ्यासाठी. नायतर तो म्हातारा. एवढा नमाजी माणूस, पण जबान नाय त्याला."

तिथून पुढे मला गप्प राहता आलं नाही. मी आत गेलो. "चाचांनी शब्द फिरवला नव्हता."

"म्हंजे?"

"त्यांनी शब्द दिलाच नव्हता. घर घेण्याआधीच नको म्हणाले होते, चाचींच्या पाठीसाठी. मी तुला खोटं सांगितलं. दोन्ही वेळेला."

"ठेवते रे," ती भावाला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "कशापायी?"

"मला तिथं राहायचं होतं."

तिनं हातातली जरीची कांडी खाली ठेवली. "उद्या गुलमंडीला जायचं. त्यांच्यापुढं बोला हे."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून रजा घेतली. चाची पलंगावर पडून होत्या, चाचा पायाशी बसले होते. मी सगळं सांगितलं आणि हात जोडून चाचांची माफी मागितली. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "इत्ती सी बात थी, तो बोलना था ना, भाऊ. आम्ही दोघं विचार करत बसायचो, की बेटीचं आपल्यावर काय बिनसलंय."

"मैं बोलतीच थी," चाची म्हणाल्या, "बच्ची दिल की बुरी नहीं."

माझी बायको पलंगाशी खाली बसली. चाचींचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "माझं चुकलं, चाची." तिची काहीही चूक नसताना तिला ते म्हणावं लागलं, माझ्यादेखत.

परतताना ती गाडीवर मागे बसली होती. पैठण रस्त्यावर वस्ती विरळ झाली तशी तिनं माझ्या खांद्यावर हात मारला. "थांबवा गाडी." मी रस्त्याच्या कडेला गाडी घेतली. ती उतरून समोर उभी राहिली.

"चाचांची माफी मागितली. माझी?"

"तुला कालच सगळं सांगितलं की."

"सांगितलं. मागितली नाय."

ट्रक गेला, त्याची धूळ अंगावर आली. मी हेल्मेट काढून गाडीच्या आरशाला अडकवलं आणि तिच्यासमोर उभा राहिलो.

"तुझ्या कामापेक्षा मी माझी हौस मोठी धरली," मी म्हणालो. "नकार माहीत असताना तुला आशेवर ठेवलं. स्वतःचं खोटं चाचांच्या माथी मारलं आणि तुझ्याकडून त्या दोघांचा अपमान करवला. तुझा हात बसायला आता किती दिवस लागतील ते मला माहीत नाही, पण तो माझ्यामुळे गेला. माझं चुकलं. मला माफ कर."