कमरेखाली एक वीत

"आपलं गाव वगळ," सासूबाई म्हणाल्या. "तीस गावं लिहिलीयस ना वहीत? एकोणतीस राहिली तर काय बोट बुडणार आहे?"

"आपलंच गाव वगळलं तर बाकीच्यांना मी कोणत्या तोंडानं सांगू, आई?"

"मी दिलंय त्याच तोंडानं सांग. दुसरं कुठलं आहे तुझ्याकडे?"

मी तारोची, म्हणजे आमच्या अळूची, पानं निवडत बसले होते. माझी नणंद मातालेना सकाळच्या बोटीनं पलीकडच्या बेटावरच्या अपिया शहरातून आली होती, आणि तासाभरातच मायलेकींची जुंपली होती. आमच्या घराला नुसते खांब आहेत, भिंती नाहीत. शेजारच्या दोन घरांतल्या बायकांचे हात आपोआप मंद झाले होते.

सासूबाई, म्हणजे फुआतिनो, चाळीस वर्षं हाडं बसवतात. मुरगळलेला पाय असो, निखळलेला खांदा असो, झाडावरून पडलेला माणूस असो, सावाई बेटाच्या या बाजूला आधी त्यांच्याकडे आणतात. त्या खोबरेल तेल घेऊन चोळतात, दाबतात, ओढतात. आणि लेक निघाली शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर. तिच्याकडे येतात ते चिरडलेले, भोसकलेले, पडून आतून फुटलेले. रोगी पुष्कळदा एकच असायचा. आईच्या चटईवरून उठून बोटीनं पलीकडे लेकीच्या टेबलावर जायचा.

अकरा वर्षं मातालेनानं एक वही ठेवली होती. ज्यांचं ओटीपोटाभोवतालचं हाडाचं कडं मोडलं, अशा प्रत्येकाचं तिनं लिहून ठेवलं होतं: कशावरून पडला, कसा आणला, आधी कोणी हात लावला. वहीतून जे निघालं ते सरळ होतं. ज्यांना आधी चोळलं, त्यांना आत जास्त रक्तस्राव झाला आणि त्यांतले जास्त गेले. कडं मोडल्यावर आत रक्ताची गाठ धरते, तीच माणसाला जगवते. चोळलं की ती सुटते. सोमवारी बेटावरच्या सगळ्या महिला समित्या जमणार होत्या, तिथं ती हे वाचून दाखवणार होती. मेलेल्यांत आमच्या गावचे तिघे होते.

"नावं नाहीयेत आई, फक्त गाव आहे."

"आणि या गावात दुसरं कोण चोळतं? आपला पाद्री?"

मातालेनानं माझ्यापुढची पानं ओढून निवडायला घेतली. ती घरी अशी माघार घेते तेव्हा मला नेहमी इस्पितळातली मातालेना आठवते. एकदा माझ्या चुलतभावाला गाडीनं उडवलं, तेव्हा मी दारातून पाहिलं होतं. तिचा उजवा हात कोपरापर्यंत त्याच्या पोटात होता. मुठीनं तिनं आतली मोठी नस कण्यावर दाबून धरली होती आणि आवाज न चढवता सांगत होती, कोणाला बोलवा, काय आणा. रक्त संपलं होतं. तिनं चर्चच्या गायकवृंदाला निरोप धाडला. तालीम अर्धी टाकून बावीस माणसं आली, त्यांतल्या नऊ जणांचं रक्त जुळलं. सव्वा तास तिनं मूठ हलवली नाही. शेवटी बोटं उघडेनात, तेव्हा परिचारिकेनं एकेक करून सरळ केली. माझा भाऊ आज बस चालवतो. मातालेना फिजीत शिकली, ऑस्ट्रेलियात सहा वर्षं अतिदक्षतेच्या खोल्यांत राबली, तिथं मोठ्या जागा चालून आल्या, तरी ती परत आली. जेवायला बसली की मात्र मासा काट्यासकट खाते आणि ओरडा खाते. हीच ती, यावर मला दर वेळी नव्यानं विश्वास ठेवावा लागतो.

एवढ्यात वाटेवर हॉर्न वाजत आला. मागं उघडी असलेली गाडी थेट अंगणात शिरली. आमच्या गावचा लाफाएले फणसाच्या झाडावरून पडला होता. आमचा फणस म्हणजे भाजून खायचा निरफणस, झाडं उंच. दोघा भावांनी त्याला मधे बसवून, बगलेत धरून आणलं होतं. आडवा फक्त मेलेला नेतात म्हणून बसवला होता. तोंड पिठासारखं पांढरं पडलं होतं.

"फुआतिनो मावशी! कंबर गेली बघा याची!"

सासूबाई तेलाची बाटली घेऊन उठल्याच होत्या. मातालेना मधे उभी राहिली.

"आई, नको."

"बाजूला सर. माझ्या दारात आलाय तो."

"माझ्याही दारात आलाय."

असं आमच्या घरात कोणी कधी बोललं नव्हतं. सासूबाई बाटली हातात तशीच धरून थांबल्या. रागानं थांबल्या की भीतीनं, मला कळलं नाही.

"चटईवर आडवा करा," मातालेना भावांना म्हणाली. "एकत्र उचला, वळवू नका. वहिनी, लावालावा दे. गुडघे मी बांधते, तू कडं बांध. शिकवलंय ना तुम्हाला?"

शिकवलं होतं. तीन वर्षं ती गावोगावच्या बायकांना हेच शिकवत होती. मोडलेलं कडं कापडानं घट्ट आवळायचं, म्हणजे आतलं रक्त थांबतं आणि माणूस बोटीच्या प्रवासात तगतो. लावालावा म्हणजे कमरेला गुंडाळायचं कापड, ते प्रत्येकीच्या अंगावर असतंच, वेगळं काही आणायला नको. पण बांधून आलेलेही तितकेच मरत होते. सोमवारी ती हेही कबूल करणार होती, की कापडाचा उपयोग होत नाही.

मी दोरीवरचा लावालावा ओढला, त्याच्याखालून सरकवला आणि जीव खाऊन गाठ मारली.

"खाली, वहिनी."

मी चार बोटं खाली घेतला.

"अजून खाली. खुब्यावर."

मी घेतला, तसा तो सरकून पुन्हा वर आला. जन्मभर लावालावा जिथं बांधला, तिथंच हात जात होते. लाफाएलेच्या भावानं मदत केली, त्यानंही कमरेलाच आवळला. मातालेना आमच्या हातांकडे बघत राहिली. तिचा चेहरा असा झाला, जसं कोणी तिच्या कानात काही सांगावं.

"सगळ्याजणी," ती हळूच म्हणाली. "सगळ्याजणी कमरेलाच बांधतायत. म्हणून उपयोग होत नाही कापडाचा."

तेवढ्यात सासूबाई खाली बसल्या. बाटली बाजूला ठेवली. दाबलं नाही, चोळलं नाही. लाफाएलेच्या दोन्ही बाजूंना नुसते तळवे टेकवले, डोळे मिटले, आणि कमरेखाली बरोबर एक वीत अंतरावर त्यांचे अंगठे थांबले.

"इथं आहे उंचवटा. याच्यावरून घे, म्हणजे सरकत नाही. एवढं कसं कळत नाही गं तुम्हाला?"

मातालेनानं त्या अंगठ्यांवरून कापड घेतलं, काठी घालून पीळ दिला. लाफाएले ओरडला, मग त्यानं लांब श्वास सोडला. सासूबाईंनी अंगठे काढून घेतले, आणि पीळ तिथंच बसला. लेकीनं आईच्या हाताकडे पाहिलं. मी त्या दोघींकडे पाहत होते. एकीला आतली नस दिसत होती, दुसरीला वरून हाड दिसत होतं, आणि मधे अकरा वर्षं माणसं जात राहिली होती.

लाफाएलेला आडवाच बोटीनं नेला. मातालेना सोबत गेली.

शनिवारी दुपारी ती परतली. आम्ही रविवारच्या जेवणासाठी नारळ खवत होतो. माझा नवरा एलीसारा दगडांची भट्टी रचत होता.

"जगला," ती खाली बसत म्हणाली. "चहा प्यायला आणि भावांना शिव्या घातल्या. आई, तुझे अंगठे नसते तर बोटीवरच गेला असता."

सासूबाईंनी हातातला नारळ खाली ठेवला.

"ते तिघं कोण?"

"राहू दे ना आता."

"मी विचारतेय."

मातालेनानं तीन नावं सांगितली. तिसरं नाव सासूबाईंच्या सख्ख्या भाच्याचं होतं. त्याला पुरल्यावरही कित्येक दिवस त्या म्हणत होत्या, उशिरा नेला, आधी नेला असता तर वाचला असता. खवणीवरचा माझा हात थांबला. एलीसारानं दगड हातात तसाच धरला.

 सासूबाई रडल्या नाहीत. मांडीवरचा नारळाचा चुरा झटकला.

"गाव वगळायचं नाही," त्या म्हणाल्या. "सोमवारी मी पण येणार. ती तीन नावं हिनं वाचायची नाहीत, मी सांगेन. मग बायकांना एकेक करून आडवं झोपवून हाड कुठं ते दाखवीन. आणि आजपासून झाडावरून पडलेल्याला या घरात कोणी चोळायचं नाही. मीसुद्धा नाही."