तोंडात पाणी धरून मोजलेलं बीपी

"बाप रे! एकशे ऐंशी!"

मी एवढं बोलली आणि निंबोल्याच्या दवाखान्यातली अख्खी लाइन चूप झाली. कमलाकाकूने हातावरचा पट्टा ओढून काढला. "मी मरते का गं?" तिच्या मागच्या बाईचं मोजलं, एकशे साठ. तिच्या मागचीचं एकशे बासष्ट. मी आकडे तसेच रजिस्टरमध्ये लिहिले.

बीपी मोजायच्या कामाचा चौथा दिवस होता. मी आठवी पास. आठ महिन्यांची पोरगी सासूजवळ टाकून येत होती. महिनाभर ट्रायल, जमलं तर पक्की, नाही तर घरी.

डॉक्टर मॅडमने रजिस्टर पाहिलं. "सुनीता, सगळ्या गावाला एकाच दिवशी बीपी?"

"मॅडम, मशीन खराब आहे."

मॅडमने तीच मशीन स्वतःला लावली. एकशे अठरा. "मशीन ठीक आहे. तू खराब आहेस."

मला रडूच आलं. मग त्यांनी खुर्चीवर बसवून समजावलं. हार्मोन म्हणजे शरीरातली चिठ्ठी. एन्झाइम म्हणजे समज कैची. डोक्यातली ही कैची एका चिठ्ठीतून दुसरी चिठ्ठी कापते. नवी चिठ्ठी हुकूम सोडते, नसा आवळा, पाणी धरून ठेवा. झालं, बीपी वर. "घाबरल्यावरही डोकं नसा आवळतं, पण बसलं की उतरतं. काहींची कैची मात्र थांबतच नाही. आता यातलं कोण घाबरलेलं आणि कोण खरं बीपीवालं, कसं कळणार? तू तर सगळ्यांना 'बाप रे' करतेस! उद्या याच बायांना बोलव. पाच मिनिटं चूप बसव, मग मोज. परत सगळ्यांचे असेच आकडे आले तर मशीन दुसऱ्या बाईच्या हातात."

बायांना चूप बसवीन हो, पण मी? मला तर भाजीत मीठ जास्त झालं तरी बाप रे निघतं.

दुसऱ्या दिवशी मी तोंडात पाण्याचा मोठा घोट धरला आणि कामाला लागली. गाल फुगलेले. बाया आधी खूप हसल्या, मग बसल्या. एकशे चोवीस. एकशे तीस. वा रे वा!

कमलाकाकू आली. "काय गं, दाढ दुखते का?"

मी हातानेच बस म्हटलं, पाच मिनिटांनी मोजलं. एकशे अठ्ठ्याहत्तर. 'बाप रे'सोबत पाणी बाहेरच येत होतं. थांबून परत मोजलं. एकशे शहात्तर.

आकडा पाहून काकू उठलीच. "काल तू घाबरवलं, त्याचंच आहे हे. गोळी-बिळी नको मला. बागेत केळीचे घड कापायचे पडलेत."

ही गेली तर परत येणार नाही, आणि उद्या बागेतच पडली तर? मी घटकन पाणी गिळलं. "काकू, ते माझं नाही! तुझ्या डोक्यात कैची चालू आहे!"

"माझ्या डोक्यात? मी टेलर आहे का?"

"घड कापणारा माणूस समज. गाडी भरली तरी कापतोच आहे, कापतोच आहे. मग?"

काकू उभीच राहिली. "मेला बाग खाली करेल ना!"

"तेच! तुझं बीपी तसंच चढत राहतं, पण हे तुला दिसत नाही, दुखतही नाही."

काकू पट्ट्याकडे पाहत खाली बसली. मॅडमने तपासून गोळी लिहून दिली, मीठ-पापड कमी करायला सांगितलं. पापडावर काकू जास्त भांडली.

महिन्याने ती आली तेव्हा माझी नोकरी पक्की झाली होती, गाल मात्र फुगलेलेच. मोजलं, एकशे अडतीस. मी खुशीत नुसती पाहतच राहिली.

"अगं मुके, गिळ आणि सांग! तुझ्या या चुपीनेच चढेल माझं!"

बीपीचा पट्टा पेशंटच्या हाताला बांधतात. त्याच्या आधी मोजणारीने आपलं तोंड बांधावं. आणि आकडा चांगला आला, तर ते लवकर सोडावं.