धुळ्याचे बेवारस मेल

नातवंडांनो, "आजी, जुने मेल पुसून टाक, जागा भरलीय," असं तुम्ही काल लिहिलंत, म्हणून हे सांगते. मी जळगावच्या डाळ मिलच्या ऑफिसात होते आणि तुमचे आजोबा रोज एसटीने तिच्या धुळ्याच्या शाखेत जायचे. मी दिलेला डबा कसा झाला होता, ते दुपारी मेलने कळवायचे. मी शिस्तीची, वाचलं की पुसायची. पुढे ते वारले आणि त्यांचं खातं काढलं गेलं. वर्षभराने मेलचा सर्व्हर साफ करायला आलेली मुलगी म्हणाली, "अक्का, धुळ्याचं खातं नाही, नुसते तिथून पाठवलेले मेल उरलेत. हाई बठ्ठं बेवारस शे. पुसी टाकू?" मिलमध्ये डाळीचा कचरासुद्धा फेकण्याआधी आम्ही सुपात घेऊन पुन्हा पाहायचो. म्हटलं, "सगळं लगेच पुसू नकोस. थांब, आधी एक वाच." तिने मोठ्याने वाचलं, "भरीत झकास. पण मिरच्या जरा मोजून घालत जा, बाईसाहेब!" डाळीच्या वासाने भरलेलं अख्खं ऑफिस हसलं, आणि ते गेल्यानंतर पहिल्यांदाच मीही मोकळी हसले. तिने ते सगळे मेल माझ्या खात्याला जोडून दिले. बाकीचे आज पुसते, बाळांनो. आजोबांचे मेल मात्र अजून आहेत.