आठव्या महिन्यातली पाठवणी

सकाळच्या एसटीत शेजारची सुमन आपल्या गरोदर लेकीला बसवून देत होती. पहिलटकरीण पोर, आठवा लागलेला. सुमनने बाळासाठी शिवलेलं दुपटं खिडकीतून आत दिलं, पण लेकीचा हात काही सोडवेना.

"अगं, बाळंतपणाला आलेली लेक परत सासरी धाडतेस?" मी विचारलं.

"काय करू काकू? तिच्या सासरी दवाखाना आहे. आपल्याकडे सिस्टरच नाही. पगाराला निधी नाही म्हणतात."

बस गेली. थांब्यासमोरच आमचं आरोग्य उपकेंद्र आहे. दिवाळीत त्याला गुलाबी रंग दिला, कुलूपही नवं लावलं. आतल्या खाटेवर गावातल्या किती लेकी मोकळ्या झाल्या! बाहेर आया बसलेल्या असायच्या आणि आतून सिस्टर ओरडायची, "गरम पाणी आणा!" आता घाट उतरून तालुक्याला जायचं, तेही गाडी मिळाली तर. आणि घाटातच कळा वाढल्या तर?

माहेर म्हणजे बाईला मोठ्याने कण्हायची मुभा असलेलं घर. त्याच घराने घाबरून पोरीला दूर धाडायचं? मला सुमनचा राग आला खरा, पण घराची पायरी चढताना सासरी असलेली माझीच लेक आठवली.

दुपारी माझ्या लेकीचा फोन आला. "आई, गोड बातमी आहे! सातव्यात येते हं मी तुझ्याकडे."

"अगं बाई!" मी म्हटलं. देवापुढे साखर ठेवते म्हटलं. नुसतं 'ये' म्हणायला मात्र माझी जीभ रेटेना.