वडिलांची हुकलेली गाडी

जवसाच्या चटणीचा वास आला की मला दिल्लीतलं एक भुयारी स्टेशन आठवतं. निलंग्याहून आमच्या दिल्लीच्या घरी आलेले वडील विमानतळाच्या वेगवान गाडीत एकदा बसायचं म्हणून मला सोडायला निघाले होते, माझ्यासाठी आणलेल्या चटणीचा डबा हातात धरून. सरकत्या जिन्यापाशी ते थबकले. "थांब की जरा, पाय टाकायला भ्या वाटतंय," म्हणाले. खाली गाडी उभी होती. मी डबा ओढून घेतला आणि एकटाच पळालो. दार मिटताना ते वर कठडा धरून उभे दिसले. पुढची गाडी दहा मिनिटांनी होती आणि विमानाला वेळ होता, तरी मी उतरलो नाही. बायकोनं जाऊन त्यांना घरी आणलं. परवा गावी ते शेजाऱ्यांना सांगत होते, "पोरानं बसवलं मला त्या गाडीत. लई पळती." मी शेजारीच बसलो होतो. मी मान डोलावली.