उन्हातली अंपायर

समस्त रहिवासी बंधुभगिनींना, तसेच ज्यांच्या खिडक्यांच्या काचा अजून शाबूत आहेत अशा सर्व भाग्यवंतांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते, की आमच्या अंधेरीच्या सोसायटीत होणाऱ्या क्रिकेट सामन्यांत अंपायरचा निर्णय अंतिम राहील, आणि अंपायर इयत्ता सहावीत शिकत आहे.

ही घोषणा मी दर रविवारी सकाळी तोंडाशी हाताचा कर्णा धरून करायचो. वय चोवीस, बँकेत नोकरी, घरात माझ्या लग्नाची बोलणी चाललेली, आणि मी शाळकरी पोरांत बॅट घेऊन उभा. आपण नुकताच पहिला वर्ल्ड कप जिंकला होता. माझी अजून वेळ गेलेली नाही असं मला प्रामाणिकपणे वाटायचं.

अंपायर लोखंडी घडीच्या खुर्चीत बसायची. पाय लांब केलेले, गुडघे सुजून इतके गुळगुळीत की वाटी कुठे आहे ते कळायचं नाही. आऊट द्यायला ती बोट वर करायची, पण ते सरळ व्हायचं नाही. आकड्यासारखं वाकडंच राहायचं. आमच्यात मिलिंद म्हणून एक भांडकुदळ पोरगा होता. त्यानं यातून कायदा काढला.

"बोट सरळ नाही. म्हणजे मी अर्धाच आऊट."

"मग अर्धा घरी जा," ती म्हणाली. "माझं बघून झालं. पुढे."

"माझं बघून झालं" म्हटलं की अपील संपलं. एकदा मला तिनं पहिल्याच चेंडूवर पायचीत दिलं. स्टंपच्या जागी रॉकेलचा डबा होता, तो माझ्यापासून निम्मा कंपाउंड लांब. मी मैदानावर आडवा झालो, छाती पिटली, पहिल्या मजल्यावरच्या काकूंना साक्षीला बोलावलं. ती शांतपणे बघत राहिली.

"दादा, तुझं लग्न ठरतंय ना? मुलीकडच्यांनी बघितलं तर?"

मी उठलो आणि बॅट दिली.

तिचं दुखणं दोनेक वर्षांचं. सकाळी उठलं की बोटं आखडलेली असायची. तिची आई गरम पाण्याच्या पातेल्यात तिचे हात धरून बसायची, मग कुठे तिला वेणीची रिबन बांधता यायची. आधी सगळ्यांना वाटलं, शाळा बुडवायचे बहाणे. मग नाक्यावरच्या डॉक्टरांनी सांगितलं, सांधेवात आहे, लहान मुलांनाही होतो. जेवणानंतर घ्यायच्या पांढऱ्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी पोट जळायचं आणि सांधे थोडे सैलावायचे.

पण खरा उपचार तिच्या आजीचा होता. आजी मालवणची. सांध्यांत थंडी शिरली आहे आणि ती उन्हानंच बाहेर निघणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. "उन्हात बसवा तिका. हाडां शेकाक व्हयी," ती गॅलरीतून हुकूम सोडायची. आम्हालाही ते पटायचं. ऊन कुणाला वाईट असतं? बाळंतिणीपासून लोणच्याच्या बरणीपर्यंत सगळ्यांना आपण उन्हात ठेवतो.

अडचण एवढीच की दोन इमारतींच्या मधल्या आमच्या कंपाउंडात ऊन एका जागी थांबायचं नाही. सकाळी ते पाण्याच्या टाकीपाशी असायचं, मग सरकत सरकत फाटकाकडे जायचं. म्हणून ओव्हर संपली की मी ओरडायचो, "अंपायरची स्वारी." चार पोरं खुर्चीचे पाय धरून तिला उचलायची आणि पुढच्या उन्हात नेऊन ठेवायची. ती वरून सूचना द्यायची. सावलीचा एक कोपरा तिच्या गुडघ्यावर आला तरी मिलिंद सामना थांबवायचा. तिच्याशी सर्वांत जास्त भांडायचा तोच, आणि खुर्चीला सर्वांत आधी हात लावायचा तोही तोच. ती बरी व्हायला हवी होती. जूनमध्ये ती सातवीत जाणार होती, आणि शाळेचा जिना चढता आला नाही तर वर्ष घरी बसावं लागणार होतं.

त्या मे महिन्यात पोरांना सुट्टी आणि मी बँकेतून रजा काढलेली, म्हणून आम्ही रोज खेळलो. रोज, अगदी बारा वाजेपर्यंत.

आणि तिच्या गालांवर रंग आला.

दोन्ही गाल लाल, आणि नाकावरून एक लाल पट्टी दोन्हींना जोडणारी. इमारतीत आनंद झाला. काकू म्हणाल्या, बघा, अंगात रक्त भरतंय. आजीनं तिची दृष्ट काढली. मी, अर्थातच, गुडघे टेकून विचारलं, "बाईसाहेब, कुठल्या नाटकात काम करता?"

ती हसली नाही. "धुतलं तरी जात नाही, दादा," ती म्हणाली.

त्यानंतर आणखी काही गोष्टी दिसू लागल्या. तुम्ही तिथे असता तर तुम्हालाही दिसल्या असत्या, आणि तुम्हीही आमच्यासारखेच पुढच्या ओव्हरकडे वळला असतात. तोंडात फोड आले म्हणून ती आमची चिंच नको म्हणू लागली. खुर्चीच्या पाठीला केसांचे पुंजके अडकू लागले. सकाळी तिचे डोळे सुजलेले असायचे. मिलिंदनं विचारलं, रडलीस का गं? ती म्हणाली, "मी कशाला रडू? आऊट तू झालास." संध्याकाळी ताप चढायचा. आजी म्हणाली, ताप म्हणजे थंडी बाहेर पडतेय. दुसऱ्या दिवशी खुर्ची अर्धा तास आधीच खाली आली.

शेवटी तिच्या वडिलांनी रजा काढली आणि तिला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. संध्याकाळी ते मला फाटकाशी भेटले. अबोल माणूस. त्या दिवशी मात्र बोलत सुटले.

"एक नाही, दोन आजार आहेत म्हणे. सांध्यांचा आहेच, त्याच्यावर दुसरा. ल्युपस. शरीर स्वतःलाच शत्रू समजतं. आता किडनीला धरलंय. डॉक्टरांनी विचारलं, उन्हात जाते का? मी अभिमानानं सांगितलं, रोज बसवतो साहेब, एक दिवस चुकवत नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, या आजाराला ऊन म्हणजे विष."

मी तिची लोखंडी खुर्ची उचलली आणि जिन्याखाली, सावलीत नेऊन ठेवली.

आजीला कुणी काही बोललं नाही. तिनं आपणहून घरातल्या सगळ्या खिडक्यांना जाड चादरी लावल्या. त्या वर्षी तिनं पापडसुद्धा वाळवले नाहीत.

सामने आता ऊन उतरल्यावर सुरू व्हायचे. अंपायर जिन्याच्या तळाशी, आतल्या बाजूला बसायची. नव्या गोळ्यांनी तिचा चेहरा फुगून गोल झाला होता. बाहेरून खेळायला आलेल्या एका पोरानं विचारलं, ही नवीन कोण? मिलिंदनं त्याला बॅटिंग दिली नाही. आम्हाला तिनं आजार स्वतःच्या भाषेत समजावून सांगितला.

"माझीच टीम माझ्याविरुद्ध खेळतेय. आता आऊट कुणाला द्यायचं?"



ऑगस्ट उजाडेपर्यंत पावलं सुजली, लघवी कमी झाली, श्वास लागू लागला. हॉस्पिटलात भरती करायचं ठरलं. तिथून ती परत आली नाही. हे मी आताच सांगून टाकतो, कारण शेवटी सांगायला मला दुसरं काही आहे.

निघायचं त्या दिवशी पाऊस उघडलेला, भर दुपार, आणि धुऊन काढल्यासारखं लख्ख ऊन. फाटक अरुंद, टॅक्सी आत यायची नाही. जिन्यापासून रस्त्यापर्यंत एवढं सगळं ऊन पार करायचं होतं. वडील तिला उचलून घेऊन जिन्याच्या तोंडाशी थबकले. मिलिंद कपडे वाळत घालायच्या दोरीकडे धावला आणि आमच्या घरची, मोठमोठ्या गुलाबांची चादर ओढून आणली. चार कोपरे चौघांनी धरले. तीन कोपऱ्यांना पोरं, टाचा उंचावून. चौथ्या कोपऱ्याला मी.

"दादा, खाली धर," ती आतून म्हणाली. "तुझ्या बाजूनं ऊन येतंय."

मी गुडघ्यांत वाकलो. तशीच आमची वरात निघाली, पावलापावलानं. मागून आजी, डोक्यावर पदर घेऊन. दोन्ही इमारतींच्या गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या.

फाटकाबाहेर वर्सोव्याची एक कोळीण मासळीची पाटी घेऊन चालली होती. आमच्या भागात नवीनच असावी. तिनं ती फुलांची चादर पाहिली, खालची माणसं तिला दिसत नसावीत. ती कौतुकानं थांबली, पाटी एका हातानं सावरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली,

"कोनाचा लगीन हाय गो?"