पान एकाचं, फूल दुसऱ्याचं

दर रविवारी रानफुलं ओळखायला निघणारा आमचा चौघांचा ग्रुप आहे. परत येताना पिशवीत चार फांद्या असतात, त्यातल्या तीन घरी पोचेपर्यंत माना टाकतात. किस्से मात्र सुकत नाहीत. सांगाल तितके टवटवीत होतात!

ग्रुपचे हेडमास्तर बोईनवाड सर. नांदेडच्या एका कॉलेजात बॉटनी शिकवून रिटायर झालेले. दुसरे शेटकार अण्णा. मूळचे उदगीरचे, लातुरात भांड्यांचं दुकान. तिसऱ्या नसीम आपा, लातूरच्याच एका शाळेत विज्ञान शिकवतात. चौथा मी, नांदेडचा ड्रॉइंग मास्तर. सर नाव सांगतात, मी चित्र काढतो.

* * *

माझं पहिलंच चित्र. धोतरा आणि पिवळा धोतरा शेजारी शेजारी उगवलेले. मी बसून मस्त रंगवलं आणि ऐटीत सरांपुढं धरलं.

सरांनी चष्मा वर केला. "मास्तर, पान धोतऱ्याचं, फूल पिवळ्या धोतऱ्याचं. ही दोघं एका कुळातली बी न्हाईत. नुसतं आडनाव सारखं बघून सोयरीक जमवली व्हय?"

* * *

अण्णा महादेवाचे भक्त. पूजेला पांढरी रुई पाहिजे म्हणून आमच्यात आले आणि इथंच अडकले. रुईच्या दोन जाती असतात, हे कळल्यावर तर त्यांना राहवेना. एकीच्या पाकळ्या पसरलेल्या, दुसरीच्या उभ्या आणि टोकाला जांभळ्या.

एका शनिवारी मारुतीच्या देवळात लांबलचक लाइन होती. अण्णांनी पुढच्या माणसाच्या हातातला हार बघितला आणि थांबवलंच त्याला. "हे बघा, ह्या हारात दोन्ही जाती मिसळल्यात!" मग मागच्याचा हार, मग त्याच्या मागच्याचा. लाइन जागची हलेना.

शेवटी पुजारी आतून ओरडले, "अण्णा, मारुतीला दोन्ही चालतात! तुम्ही चला पुढं!"

* * *

आपांनी वर्गात तरोटा आणि कासविंदा शिकवला. तरोट्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते, कासविंदा मात्र घातक. दोन्ही पिवळ्या फुलांचे, आणि फुलं यायच्या आधी तर नवख्याची हमखास फसगत.

त्याच संध्याकाळी एका विद्यार्थिनीच्या आईचा मेसेज आला, "मॅडम, हा तरोटाच हाय ना?" सोबत फोटो. आपांनी मोठा करून बघितला. कढईत शिजलेली भाजी, वर लसूण, लाल मिरची!

आपांनी लगेच फोन लावला. "ताई, अजून कुणी खाल्ली तर न्हाई ना? मला पानं दाखवा, फोडणी नको!"

सुदैवानं निवडून टाकलेल्या काड्या कोपऱ्यात पडल्या होत्या. दोन-चार पानं शाबूत निघाली. पानांच्या तीन जोड्या, टोकं गोल; कासविंद्याची टोकदार असतात. तरोटाच! आपांनी खुशाल खा म्हणून सांगितलं.

पलीकडून बाई म्हणाल्या, "आता या मग जेवायला. तुमच्यापायी समदे ताटं धरून बसलेत!"

* * *

उमरीजवळ रस्त्याच्या कडेला केना दिसला. एकाचं पान रुंद, शेजारच्याचं निमुळतं, फुलं दोन्हीची निळी. सर भिंग घेऊन पालथे पडले, आम्ही तिघं उकिडवे.

एक ऑटो थांबला. "काय हरवलं?"

"काही न्हाई, पान बघून राहिलो," सर म्हणाले.

ड्रायव्हरला ते पटलं नाही. तो उतरला आणि शोधायला लागला. मग एक मोटारसायकल थांबली, मग दुधाची गाडी. थोड्या वेळात दहा-बारा माणसं गवत चाळत होती. एकानं मला हळूच विचारलं, "मोबाइल व्हता का अंगठी?"

मी तोंड उघडणार इतक्यात मागून आरोळी आली, "सापडलं!" खरंच कुणाचं तरी चांदीचं जोडवं सापडलं होतं. त्या गर्दीत आमचा केना पार तुडवला गेला!

* * *

शिरूर अनंतपाळकडं निवृत्तीराव नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर सरांना एक खुळखुळा सापडला. ह्याच्या शेंगा वाळल्या की खुळखुळ वाजतात, म्हणून हे नाव. जाती ढीगभर. ह्याचं पान एका जातीसारखं, देठावरची लव दुसरीसारखी. "फूल बघितल्याबिगर मी बोलणार न्हाई," सर म्हणाले.

पहिल्या वर्षी शेळीनं खाल्ला. दुसऱ्या वर्षी पाऊस दडला, कळीच धरली नाही. तिसऱ्या वर्षी त्याच जागी पुन्हा उगवला आणि टपोऱ्या कळ्या आल्या. सरांनी देठाला लाल दोरा बांधला आणि निवृत्तीरावांना सांगितलं, "पुढच्या रविवारी येतो. इथं दोन तास बसायचंय मला."

त्या आठवड्यात सरांचे रोज तीन फोन. "मास्तर, कॅमेरा चार्ज केला का?"

रविवारी भल्या सकाळी निघालो. बांधाजवळ आलो आणि सर थबकले.

बांध अंगणासारखा स्वच्छ. गवताची काडी नाही. मधोमध बाज टाकलेली, वर धुतलेली चादर. निवृत्तीराव हात जोडून उभे.

"या सर! तुमच्यासारखा माणूस दोन तास बसणार म्हणल्यावर दोन दिवस खपलो. समदं तण मुळासकट काढलं. दोरा व्हता, तिथंच बरोबर बाज टाकली."

आम्ही तिघं जमिनीकडं बघत राहिलो.

निवृत्तीरावांनी खिशात हात घातला. "आन् दोरा काय टाकला न्हाई हं सर. जपून ठेवलाय."

सरांनी दोरा घेतला. बोटाभोवती हळूहळू गुंडाळला. मग बाजेवर बसले आणि बाजूची चादर हातानं नीट केली.

"या निवृत्तीराव. बसा तुम्हीबी."